प्रफुल्ल सरांची नकारघंटा

कुणी ओल्या टिश्यूचं पाकीट फोडलं की अजूनही माझा हात नाकाकडे जातो. त्यातून तो संत्र्याच्या वासाचा असला तर मी सरळ उठून खिडकीपाशी जाते. ऑफिसातल्या नव्या पोरी विचारतात, "ताई, बरं वाटून नाही राहिलं का?" मी म्हणते, "पित्त आहे." त्या पित्ताचं नाव प्रफुल्ल सर.

सर हात मिळवायचे तो बघण्यासारखा कार्यक्रम असे. आधी तळहात पुढे, मग घट्ट पकड, मग बरोबर तीन सेकंद डोळ्यांत डोळे. "हात सांगतो माणूस काय लायकीचा आहे ते," असं ते शिकवायचे. समोरचा माणूस वळून चालू लागला, की पँटच्या डाव्या खिशातून टिश्यू निघे. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, सगळं पुसून व्हायचं. तोंडावरचं हसू तेवढा वेळ तसंच असायचं, खुंटीला टांगून ठेवल्यासारखं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस स्वच्छतेचा भोक्ता आहे. मग एकदा लक्षात आलं की मॅनेजर साहेबांशी हात मिळवल्यावर ते पुसत नाहीत. ड्रायव्हर, बागवाले, आम्ही फोनवाल्या पोरी, एवढ्यांचाच हात पुसायचा असतो.

हात पुसून झाला की वरच्या खिशातून लाल कव्हरची छोटी डायरी निघे. तीत त्या माणसाचं नाव, गाव, पोरांची नावं लिहायची आणि पुढे बरोबरची खूण करायची. सर माणसाला माणूस म्हणत नसत, 'संपर्क' म्हणत. "आज सात संपर्क झाले," असं सांगताना त्यांचा चेहरा पोट भरल्यासारखा दिसायचा.

मी सासवडजवळची. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली, आणि कुणी परत जा म्हटलं नाही. वडील नव्हते, आई नव्हती, घर काकांचं. थोरली बहीण अकोल्याला दिलेली. तिच्या बाळंतपणाला आले ती राहूनच गेले. गावी काकांनी माझ्यासाठी एक बिजवर बघून ठेवला होता आणि दर महिन्याच्या फोनवर ते त्याची आठवण करून देत. त्यामुळे अकोल्यात काहीतरी काम मिळणं हे माझ्यासाठी नुसतं काम नव्हतं.

बहिणीच्या नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर सरांचा क्लास. जिन्याला पाटी: 'व्यक्तिमत्त्व विकास व संवाद कौशल्य. तीस दिवसांत नवे तुम्ही.' एक दिवस मी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन वर गेले. चाळीसेक मुलंमुली बसलेली, सगळी पदवीवाली. सरांनी गठ्ठा घेतला आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

मी जमिनीकडे बघून सांगितलं.

"ऐकू नाही आलं."

परत सांगितलं.

"भिंतीला ऐकू गेलं पाहिजे, चॅम्प. नाव तुझं आहे ना? चोरून आणल्यासारखं का सांगतेस?"

तिसऱ्यांदा मी ओरडलेच. सरांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोळा-सतरा वर्षांच्या आयुष्यात माझं नाव मोठ्यानं सांग असं मला कुणी म्हटलं नव्हतं. हे त्यांचं माझ्यावरचं ऋण आहे, आणि ते मी आजही मानते. पुढचं सगळं सांगताना हे विसरायचं नाही असं मी स्वतःला बजावलंय.

"कुठली तू?"

"सासवडची."

"पुणे!" सर देवाचं नाव घेतल्यासारखं म्हणाले आणि वर्गाकडे वळले. "ऐका हिची भाषा. मला, तुला, त्याला. म्हण गं." मी म्हटलं. "आता सगळे हिच्यामागून." आणि ती चाळीस पदवीवाली पोरं माझ्यामागून 'मला, तुला, त्याला' म्हणू लागली. एक पोरगा 'मले' म्हणाला तर सरांनी त्याला उभं केलं आणि 'मला' वीस वेळा म्हणायला लावलं. बिचारा एम.कॉम. होता. मी नववी. मला लाज वाटायला हवी होती. मला गोड वाटलं.

स्वतः सर मूर्तिजापूरचे, अस्सल तिथलेच. पण त्यांच्या तोंडून कधी 'काहून' निघालं नाही. त्यांची भाषा धुऊन, नीळ घालून, कडक इस्त्री केलेली होती. अंगाला लागली तर टोचेल अशी.

दोन वर्षं मी त्यांच्या क्लासात पाणी भरणं, पत्रकं वाटणं आणि 'मला, तुला' म्हणून दाखवणं ही कामं केली. मग अमरावतीच्या एका कंपनीत फोनवर बोलायला पोरी हव्या होत्या. ही कंपनी फळं न्यायला थंड गाड्या पाठवायची. वरूड, शेंदूरजनाघाटकडचे संत्रावाले फोन करणार, आम्ही कॉम्प्युटरवर बघून गाडी नोंदवणार. सर तिथे आठवड्यातून दोन दिवस ट्रेनिंग द्यायला जात. त्यांनी माझा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं: बी.ए. (अपूर्ण).

"सर, मी नववी..."

"अपूर्ण तर आहेच ना?" ते हसले. "खोटं काय आहे यात? समस्या म्हणू नकोस, संधी म्हण."

मी संधी म्हटलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक वेळी ऑफिसचं दार वाजलं की मला वाटे, दाखला मागायला कुणीतरी आलं.

ऑफिस बडनेरा रोडला, दुसऱ्या मजल्यावर. चार टेबलं, चार हेडफोन. माझ्या शेजारच्या टेबलावर शबाना. ती अकोटची, बी.कॉम., माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि दहापट हुशार. कुठल्या रस्त्यानं गाडी लवकर जाते, कुठला ड्रायव्हर वाटेत झोपतो, कुठल्या गावात फळ आधी पिकतं, सगळं तिला तोंडपाठ. पण ती बोलायची तशीच जशी घरी बोलते. "काकाजी, गाडी नाही हाय. सोमवारपर्यंत नाही भेटत. दुसरीकडं पाहा, टाइम नोका घालवू." पलीकडून शिवी यायची, पलीकडचा फोन आपटला जायचा, आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस फोन करून विचारायचा, "ते अकोटवाली पोट्टी हाय का? तिले द्या."

सरांना हे सहन होईना. त्यांचा पहिला नियम होता: ग्राहकाला 'नाही' म्हणायचं नाही. गाडी नसली तर म्हणायचं, 'आम्ही आपल्यासाठी नक्की प्रयत्न करतो.' पुन्हा विचारलं तर, 'आपल्या विनंतीवर काम सुरू आहे.' चिडला तर, 'तुमची काळजी मी समजू शकते.' ही तीन वाक्यं त्यांनी रंगीत कागदावर छापून आमच्या टेबलांवर चिकटवली. पण शबानाच्या तोंडातून 'नाही' जाईना. तेव्हा एका मंगळवारी सर बाजारातून खरीखुरी पितळेची पूजेची घंटा घेऊन आले. ती मधल्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही नकारघंटा. फोनवर ज्याच्या तोंडून 'नाही' निघेल त्यानं उठून ही वाजवायची. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या."

खेळीमेळीनं शिकवायची त्यांची पद्धत होती ही. पहिल्या दिवशी शबानानं नऊ वेळा घंटा वाजवली. दर वेळी उठायची, वाजवायची, बसायची. चौथ्या वेळी म्हणाली, "सर, परसाद तरी आना. येवढी आरती करून राहिली मी." आम्ही हसलो. सर हसले नाहीत. म्हणजे चेहऱ्यावर हसू होतंच, डोळे हसले नाहीत. त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं.

मी एकदाही घंटा वाजवली नाही. महिन्याच्या शेवटी भिंतीवर माझा फोटो लागला, खाली 'सर्वोत्तम संवाद'. बहिणीला मी तो मोबाइलवर पाठवला. काकांनाही पाठवला.

सरांची ती रीत फक्त धंद्यापुरती असती तरी मी समजून घेतलं असतं. एकदा ट्रेनिंग चालू असताना त्यांच्या आईचा फोन आला. सरांनी आम्हाला खुणेनं गप्प केलं आणि स्पीकर लावला. "बघा, अवघड संभाषण कसं हाताळायचं."

"काहून नाही आला रे?" म्हातारीचा आवाज आला. "भाकरी टाकून बसली होती मी."

"आई, तुझा फोन आल्याचा मला खूप आनंद झाला."

"आनंद जाऊ दे. येतो का नाही ते सांग. या आइतवारी येतो का?"

"मी नक्की प्रयत्न करतो, आई."

"म्हंजे येतो ना?"

"तुझी ओढ मी समजू शकतो."

मग म्हातारी म्हणाली, "बरं. मंग मी वांगे आनून ठेवतो." आणि फोन बंद झाला. सरांनी आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. "कळलं? नकार दिला का? नाही. ती नाराज झाली का? नाही." आम्ही वहीत लिहून घेतलं. शबाना लिहीत नव्हती. ती म्हणाली, "सर, रविवारी जाऊन राहिले का तुमी?" सर म्हणाले, "रविवारी माझी नागपूरला बॅच आहे."

मला तेव्हा त्या वांग्यांची किळस आली. वांग्यांची नाही, पण काय ते मला सांगता येईना. मी आपली वहीत 'नाराज झाली का? नाही' असं लिहिलेलं बघत बसले.

मग त्या मार्चात वासुदेवभाऊंचा फोन आला.

वासुदेवभाऊ शेंदूरजनाघाटचे. स्वतःची बाग, शिवाय आजूबाजूच्या दोन-चार बागांचं फळ घेऊन बाहेर पाठवायचे. मोठ्या आवाजाचे, थट्टेखोर. मंगळवार होता, सर माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"पोरी, फळ तोडाचं हाय. गुरुवारी गाडी पायजे. हाय का नाही तेवढं सांग, लंबी कथा नोको."

माझ्यासमोरच्या कॉम्प्युटरवर लाल चौकोन दिसत होते. त्या आठवड्याच्या सगळ्या गाड्या भरलेल्या. पुढच्या आठवड्याच्याही.

"काका, आपण आमची आठवण केलीत याचा आनंद झाला. आम्ही आपल्यासाठी नक्की प्रयत्न करतो."

"म्हंजे तोडू का?"

मी घंटेकडे बघितलं. मागून सरांच्या तोंडातल्या पुदिन्याच्या गोळीचा वास येत होता. माझा फॉर्म, तो रकाना, तो कंस, काकांचा महिन्याचा फोन, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"आपला प्रत्येक निर्णय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, काका."

"बरं बरं. तोडतो मंग." फोन ठेवताना ते कुणाला तरी ओरडून सांगत होते, लावा रे मानसं.

सरांनी माझ्या टेबलावर टिचकी मारली. "परफेक्ट, चॅम्प."

गुरुवारी ते पुन्हा बोलले. "फळ शेडात येऊन पडलं. गाडी निघाली का?" मी म्हटलं, "आपल्या विनंतीवर काम सुरू आहे." शबानानं स्वतःचा फोन हातानं झाकला आणि मला म्हणाली, "अवं, सांग ना त्याले नाही म्हणून. मी सांगू का?" मी मान हलवली. तिला वाटलं मी सांगते. मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात ऊन असं तापलं होतं की दुपारी पंखासुद्धा गरम वारा फेकायचा. शनिवारी वासुदेवभाऊंचा आवाज खाली आला होता. "वास सुटून राहिला, पोरी. आज तरी येते का?"

"तुमची काळजी मी समजू शकते," मी म्हणाले. फोन ठेवून मी आत जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

मंगळवारी वासुदेवभाऊ स्वतः आले. हातात प्लॅस्टिकचं एक क्रेट. कुणाशी न बोलता त्यांनी ते सरांच्या टेबलावर ठेवलं. खालून पिवळा रस गळत होता. वरची संत्री हिरव्या-पांढऱ्या बुरशीनं मखमलीसारखी झालेली, मधूनमधून खचलेली, वर बारीक माश्यांचा थवा. सर उठले. हसले. हात पुढे केला.

वासुदेवभाऊंचा हात कोपरापर्यंत रसानं चिकट झालेला. त्यांनी तो दिला. एक, दोन, तीन. आणि मग पंचाईत झाली, कारण वासुदेवभाऊ वळेनात. समोरच उभे. सरांचा उजवा हात अंगापासून दूर, आपला नसल्यासारखा लटकत राहिला.

"सडलं सारं," वासुदेवभाऊ म्हणाले.

"सारं सडलं, असं आपल्याला वाटतंय," सर म्हणाले. समोरच्याचे शेवटचे शब्द परत म्हणायचे, ही त्यांची आवडती युक्ती. समोरच्याला ऐकलं गेल्यासारखं वाटतं म्हणे.

"वाटून नाही राहिलं. नाक हाय ना तुमाले? वास घ्या."

"आपल्याला राग आलाय, आणि तो मला ऐकू येतोय."

"राग नाही आला, बाप्पा. गाडी नाही आली."

सरांनी मान तिरकी केली, बसा म्हणाले, चहा मागवला. मग डाव्या हातानं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड झालेले माझे तिन्ही फोन लावले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. माझा आवाज खोलीभर. आनंद झाला. काम सुरू आहे. समजू शकते. "काका, शांतपणे ऐका. यात गाडी येईल असं कुठं म्हटलंय?"

वासुदेवभाऊ मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "अन् नाही म्हनलं कुठी?"

"आम्ही 'नाही' म्हणत नसतो, काका. ते आमच्या संस्कारात बसत नाही."

"संस्कारात!" म्हातारा असा हसला की त्याला ठसका लागला. मग त्याची नजर मधल्या टेबलावर गेली. "अन् हे घंटा कायची हाय?"

सर तोंड उघडणार तोच शबाना उठली.

"काकाजी, गाडी पह्यल्या दिवशीच नोती. इथी दिसत होतं, सारं लाल. पन नाही म्हनलं का हे घंटा वाजवा लागते. म्हनून कोनी म्हनलं नाही." आणि तिनं घंटा उचलली आणि वाजवली. चांगली लांब, आरतीला वाजवतात तशी. "घ्या सर. वाजवली. टाळ्या वाजवा."

वासुदेवभाऊंनी तिच्याकडे बघितलं, मग आम्हा बाकीच्यांकडे. "फोनवर कोन होती?"

मी उभी राहिले.

"तू का?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "आवाजावरून वाटलं, कोनी शिकेल-सवरेल बाई असन. पोरी, तू नाही म्हनली असती, तं मी घंट्याभरात मोर्शीहून गाडी आनली असती. तुले दोन शिव्या देल्ल्या असत्या, अन् पुढच्या हंगामात तुलेच फोन केला असता."

मला 'चुकलं काका' म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही..."

त्यांनी हात वर केला. "राहू दे, पोरी." आणि ते जिना उतरून गेले. क्रेट तिथंच.

ते वळल्याबरोबर सरांनी टिश्यू काढले. एक नाही, अख्खं पाकीट. एकामागून एक ओढून पुसत राहिले, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. टेबलावर ती खरी संत्री सडलेली, आणि वर हा खोट्या संत्र्याचा गोड, औषधी वास. दोन्ही वास एकमेकांत मिसळले. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

शुक्रवारी शबानाला सांगितलं गेलं, तुमचा स्वभाव टीमला मानवत नाही. ती हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवत होती आणि मी डोळे पुसत होते.

"तुले काहून रडू येऊन राहिलं?" ती म्हणाली. "नोकरी माही गेली."

"मी सांगायला पाहिजे होतं त्यांना."

"पायजे होतं. आमच्यात मानूस नाही म्हनाचं असलं तं तोंडावर म्हनते. नाही म्हनलं नाही, म्हंजे काम झालं असं समजून पुढचा मानूस कामाले लागते. तुमच्या पुण्यात कसं असते मले ठाऊक नाही."

"मी सासवडची."

"तेच ते," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेली. आता ती अकोटला एका जिनिंगच्या ऑफिसात आहे. कापूसवाल्यांना दिवसभर मोठ्यानं नाही म्हणते. माझ्याशी बोलते, पण त्या दिवसाबद्दल नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी नव्या पोरींचं ट्रेनिंग होतं. सरांनी त्यांना माझा शनिवारचा फोन ऐकवला. 'वास सुटून राहिला, पोरी,' आणि मग माझं ते वाक्य. "बघा, ग्राहक एवढा तापलेला, पण हिचा आवाज कुठं हलला का? पुन्हा ऐका." तीनदा ऐकवलं. पोरी वहीत लिहून घेत होत्या. तो आवाज माझा होता. साखर होती त्यात. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि सकाळचे पोहे ओकून टाकले.

बाहेर आले तर माझा फोन वाजत होता. कुणी बाई होती, तिला उद्या गाडी हवी होती. मी बघितलं. लाल.

"गाडी नाही आहे, मावशी," मी म्हणाले. "या आठवड्यात मिळणार नाही. तुम्ही दुसरीकडे बघा."

"बरं झालं सांगतलं, माय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बस, एवढंच. त्याला किती वेळ लागला असेल? मी उठले, घंटा वाजवली आणि टाळ्यांची वाट न बघता बसले.

सरांनी मला गॅलरीत बोलावलं. खूप प्रेमानं बोलले. "थकलीस तू, चॅम्प. पण एक लक्षात ठेव, तुझा फॉर्म मी भरलाय. मी कुणाला काही बोलणार नाही हं. मी तसा माणूस नाही." मी मोजलं. एका दमात दोन वेळा 'नाही'. घंटा आत होती.

त्या दिवशी मी स्वतःच मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दारातच सांगून टाकलं, नाहीतर पाय परत फिरले असते. "सर, मी नववीपर्यंतच शिकलेय. फॉर्मवर लिहिलंय ते खरं नाही." नाव सांगावं तसं भिंतीला ऐकू जाईल असं सांगितलं. ते मोबाइलमध्ये काहीतरी बघत होते. मान वर न करता म्हणाले, "फोन उचलता येतो ना?" मी म्हटलं, हो. "मग जा, तो वाजून राहिलाय."

इतके दिवस ज्याला भ्याले ते हे एवढंच. मला हसू पण आलं नाही, राग आला. कुणाचा, ते त्या दिवशी कळलं नाही.

पुढे कंपनीनं व्हिडिओवरचं ट्रेनिंग घेतलं आणि सरांचं येणं बंद झालं. घंटा बहिणीनं मागून नेली. तिच्या देवघरात आहे. देवाला काय माहीत.

वासुदेवभाऊंना मी पुढच्या हंगामात आपणहून फोन केला आणि चुकलं म्हटलं. ते म्हणाले, "आता गाडी हाय का, ते सांग." होती. आता आमच्या ऑफिसात पोरी नाही म्हणतात, कारण मी त्यांची प्रमुख आहे आणि मीच तसं शिकवते. पण कसं शिकवते? ताठ बस. नाव आधी विचार, लिहून घे. शब्द खाऊ नको. भिंतीला ऐकू गेलं पाहिजे. सगळं सरांचं. मी नाही म्हणते तेही त्यांनी दिलेल्या आवाजात. कधीकधी वाटतं, हाच तो वास आहे जो टिश्यूनं पुसून जात नाही.

गेल्या वर्षी गावी निघाले होते. पुण्याच्या गाडीत बडनेऱ्याला बसले, तर समोरच्या सीटवर सर. केस काळे केलेले, हसू तसंच. "चॅम्प!" हात पुढे, घट्ट पकड, तीन सेकंद.

मूर्तिजापूर आलं. गाडी थांबली. मी विचारलं, "आई कशी आहे, सर?"

"आईंचे आशीर्वाद आहेत," ते मोबाइल बघत म्हणाले. फलाटावर एक म्हातारी कापडी पिशवी घेऊन प्रत्येक डब्यात डोकावत चालली होती. त्यांची आई नसावी ती, असली तरी त्यांना कळलं नसतं. त्यांनी मान वर केली नाही. गाडी सुटली.

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. अकोल्यात नवी बॅच सुरू होतेय. मी यावं, आपली गोष्ट सांगावी. "नववीत शाळा सुटलेली मुलगी आज टीम चालवते. पोरं रडतील, चॅम्प." ज्या गोष्टीनं त्यांनी मला मुठीत ठेवलं, ती आता त्यांना पत्रकावर छापायची होती.

"नाही, सर," मी म्हणाले.

"घाई नाही. विचार कर."

"विचार केला. नाही."

"शनिवार अडचणीचा असेल. रविवारी ठेवू."

"रविवारी पण नाही. मी येणार नाही, सर. कधीच नाही." डब्यातली दोन माणसं वळून बघू लागली, एवढ्या मोठ्यानं मी बोलले.

सरांनी मान तिरकी केली. तेच हसू. "कधीच नाही, असं आत्ता तुला वाटतंय."

आणि तेव्हा मला कळलं, हा माणूस नाटक करत नाहीये. त्याला ते खरंच ऐकू येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडातून तो शब्द काढून टाकता टाकता त्याच्या कानातूनही गेला.

अकोला आलं. त्यांनी उठून परत हात मिळवला आणि उतरले. गाडी थांबली होती तोवर मी खिडकीतून बघत होते. फलाटावरच्या गर्दीत उभं राहून त्यांनी आधी लाल डायरी काढली, काहीतरी लिहिलं आणि पेनानं पुढे खूण केली. बरोबरची. मग डाव्या खिशात हात घातला, पाकीट काढलं, उलटं केलं, झटकलं. रिकामं होतं. गाडी हलली तेव्हा ते तसेच उभे होते, उजवा हात अंगापासून लांब धरून, तो कुठं ठेवावा ते न कळल्यासारखे. माझ्या दिशेनं मात्र हसत होते.